नोटीस बँकेलाही लागू असते



हप्ता थकला की बँकेची नोटीस आपल्या दाराशी येते. पाऊस दगा देऊन गेला, बोंडअळीने कपाशी खाल्ली, ही कारणे तिथे चालत नाहीत. मग रिझर्व्ह बँकेचा आदेश आला की बँकेची कारणे का चालावीत?

नागपूर जिल्हा बँकेचे उदाहरण घ्या. २००१-०२ साली सरकारी रोखे घेण्यासाठी तिने खाजगी दलाल कंपन्यांना पैसे दिले. रोखे हाती आलेच नाहीत. घोटाळा सुमारे दीडशे कोटींचा. न्यायालयाने माजी अध्यक्षांसह सहा जणांना पाच वर्षांची कैद सुनावली ती २२ डिसेंबर २०२३ रोजी!

पुढे मे २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागपूर, वर्धा व बुलढाणा जिल्हा बँकांना नव्या ठेवी घ्यायला मनाई केली. परवान्यासाठी लागणारे किमान भांडवलही त्यांच्याकडे नव्हते. नवी ठेव नाही, म्हणजे नवे पीककर्ज नाही. पेरणी थांबत नाही. कास्तकार सावकाराच्या ओट्यावर जातो. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्राने देशातल्या अशा २३ जिल्हा बँकांसाठी २,३७५ कोटींची योजना आणली. त्यात ह्या तिन्ही होत्या. खड्डा संचालकांनी खणला, भरला जनतेने.

कोणी म्हणेल, शेतमालावरची सरकारी बंधने नकोत म्हणणारे आपण, रिझर्व्ह बँकेच्या अंकुशाची बाजू का घेतो? उत्तर सरळ आहे. कापूस आपल्या घामाचा, तो कुठे विकायचा ते आपण ठरवू. बँकेतला पैसा संचालकांच्या घामाचा नाही. दुसऱ्याच्या पैशाची राखण करणाऱ्याला हिशेब द्यावाच लागतो.

आदेश पाळला नाही तर बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४७-अ खाली दंड होतो. पण तो भरला जातो बँकेच्या तिजोरीतून, म्हणजे सभासदांच्याच खिशातून. चूक त्यांची, भुर्दंड आपला. म्हणून दंडापेक्षा आदेशाचे वेळेवर पालन महत्त्वाचे.

जिल्हा बँकेच्या सभेला आपल्या सोसायटीचा प्रतिनिधी जातो. जाण्यापूर्वी त्याच्या हाती तीन प्रश्न द्या. रिझर्व्ह बँकेचे कोणते आदेश आले? त्यांचे पालन किती झाले? झालेले नुकसान महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ८८ प्रमाणे दोषी संचालकांकडून वसूल करणार की नाही?

उत्तर मिळेपर्यंत ठरावाला हात वर करू नका.