एकाच महिन्यात दोन ‘महाराष्ट्र केसरी’ : पैलवान निवडायची पद्धत नेमकी कुठं गंडते?

नोव्हेंबर २०२३. पुण्याजवळच्या फुलगावात सिकंदर शेखनं शिवराज राक्षेला हरवलं आणि महाराष्ट्र केसरीची गदा खांद्यावर घेतली. त्यानंतर पंधरवड्यातच धाराशिवच्या आखाड्यात तोच शिवराज हर्षवर्धन सदगीरला हरवून महाराष्ट्र केसरी झाला. संघटनेचे गट दोन, स्पर्धा दोन आणि गदाही दोन.

कोल्हापूरच्या तालमींत तेव्हा एकच प्रश्न होता, खरा केसरी कोण?

पण त्याच्याआधी एक प्रश्न येतो. त्या गदेपर्यंत पोहोचायचा रस्ता सगळ्या पैलवानांसाठी सारखा आहे का?

गदेला एवढं महत्त्व का?

१९६१ साली दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. तेव्हापासून ही गदा म्हणजे पैलवानाच्या घराची ओळख. नरसिंग यादव आणि विजय चौधरी या दोघांनी सलग तीन-तीन वेळा हा किताब जिंकला आणि दोघंही पुढं पोलीस उपअधीक्षक झाले. खुराकाच्या खर्चापायी रान गहाण टाकणाऱ्या घरासाठी ही निवड म्हणजे पोटापाण्याचा प्रश्न असतो.

निवड होते कशी?

प्रत्येक जिल्ह्याचा तालीम संघ निवड चाचणी घेतो. काही मोठ्या शहरांचे संघ वेगळे असतात. स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग. किताबाच्या वजन गटात माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांच्यात शेवटची लढत होते.

ऐकायला सोपं आहे. घोळ पुढं आहे.

घोळ पहिला : सगळ्यांना सारख्या जागा

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या काळापासून कुस्ती रुजलेली आहे. खासबाग मैदान आहे, गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमी आहेत. तरीही इथल्या चाचणीत दुसरा आलेला पैलवान घरी बसतो. कुस्तीची फारशी परंपरा नसलेल्या जिल्ह्याचा पहिला मात्र थेट राज्य स्पर्धेत उतरतो. कोल्हापूरचा दुसरा त्याच्यापेक्षा भारी असला तरीही.

यातून दुसरी गोष्ट होते. सिकंदर शेख मूळचा सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळचा, घडला गंगावेश तालमीत. कोल्हापुरात सराव करायचा आणि मैदानात गावाकडच्या जिल्ह्याचं नाव लावायचं, हे इथं नवीन नाही. म्हणून पदकांच्या यादीवरून कोल्हापूरची ताकद मोजायला गेलं की गणित चुकतं. २०२२ मध्ये साताऱ्यात पृथ्वीराज पाटीलनं गदा जिंकली, तेव्हा ती २१ वर्षांनी कोल्हापुरात आली होती. मधल्या काळात इथल्या तालमी काही ओस पडल्या नव्हत्या.

मग जागा फक्त ताकदीवर वाटायच्या का? तसं केलं तर चार-पाच जिल्हेच सगळ्या जागा खातील आणि बाकीच्या जिल्ह्यांत पोरं मातीत उतरायचीच बंद होतील.

घोळ दुसरा : चिठ्ठीत नशीब

समजा, एका विभागात ४० पैलवान आहेत आणि जोड्या फक्त चिठ्ठ्या टाकून लावल्या. पहिल्या फेरीत २४ जणांना न लढताच पुढे चाल मिळते, १६ जणांना एक कुस्ती जास्त खेळावी लागते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सगळ्यात तगडे दोन पैलवान एकाच अर्ध्या भागात पडण्याची शक्यता ३९ पैकी १९, म्हणजे जवळपास नाणेफेक. तसं झालं तर त्यातला एक अंतिम फेरीआधीच बाहेर.

जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात माती विभागाच्या निर्णायक लढतीत सिकंदर आणि महेंद्र गायकवाड समोरासमोर आले. महेंद्रला मिळालेल्या चार गुणांवरून राज्यभर वाद पेटला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला गादी विभागात शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ भिडले. निकालावरून राडा झाला आणि शिवराजवर तीन वर्षांची बंदी आली.

पंच बरोबर होते की चूक, हा वेगळा विषय. पण दोन्ही वाद विभागाच्या शेवटच्या लढतीतले आहेत. तिथं हरलं की गदा गेली, दुसरी संधी नाही. वर्षभराची मेहनत सहा मिनिटांवर आणि पंचांच्या एका इशाऱ्यावर टांगलेली असते.

कॅनडानं काय केलं?

कर्लिंग म्हणजे बर्फावर जड दगड घसरवत नेण्याचा खेळ. कॅनडात पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा १९२७ पासून होते आणि भांडण अगदी आपल्यासारखंच. ऑन्टॅरिओची लोकसंख्या दीड कोटीच्या आसपास, प्रिन्स एडवर्ड आयलंडची दोन लाखांच्या आत. तरी दोघांना आपापला संघ. त्यामुळं मोठ्या प्रांतातले देशात वरच्या क्रमांकाचे संघ घरी बसायचे.

२०१५ पासून तिथं शेवटच्या क्रमांकांच्या प्रांतांना आधी पात्रता फेरी खेळायला लावली. लहान प्रांत नाराज झाले आणि तीन वर्षांत ती पद्धत गुंडाळावी लागली. २०१८ पासून प्रत्येकाची जागा परत दिली आणि वर क्रमवारीतल्या चांगल्या संघांसाठी जादा जागेची सोय केली. कुणाचं ताट काढून न घेता पंगत वाढवली.

आपल्याकडं काय करता येईल?

एक, प्रत्येक जिल्ह्याची जागा कायम ठेवायची आणि मागच्या दोन-तीन वर्षांच्या कामगिरीवर चार-सहा जादा जागा द्यायच्या. ही जागा पैलवानाची, जिल्ह्याची नाही. दोन, आधीच्या विजेत्यांना क्रमवारी देऊन वेगवेगळ्या भागांत ठेवायचं, बाकीच्यांच्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढायच्या. तीन, निर्णायक लढतीत व्हिडिओ पाहून निकाल तपासायची सोय ठेवायची.

याची किंमतही आहे. पैलवान वाढले की दिवस वाढतात आणि खर्चही. क्रमवारीमुळं नवख्याला पहिल्याच फेरीत बडा पैलवान गाठू शकतो.

चौथी गोष्ट मात्र फुकट आहे. नियम वर्षाच्या सुरुवातीला लिहून जाहीर करायचे. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकआधी ७४ किलो गटाचा कोटा नरसिंग यादवनं जागतिक स्पर्धेत मिळवला होता, तर सुशील कुमार चाचणीची मागणी करत होता. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि सुशीलची मागणी फेटाळली गेली. कोटा मिळवणाराच जाणार की पुन्हा चाचणी होणार, हे आधीच पक्कं लिहिलेलं असतं, तर कोर्टाची पायरी चढावी लागली नसती.

पण हे सगळं करायला स्पर्धा एकच लागते. देशपातळीवरही जानेवारी-फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे आणि जयपूर अशा दोन राष्ट्रीय स्पर्धा झाल्या, एक महासंघाची, दुसरी हंगामी समितीची. दोन संघटना, दोन याद्या असतील, तर कितीही चांगला नियम कागदावरच राहतो.

हरलेला पैलवान अंगाची माती झटकून पुन्हा तालमीत जातो, हे कोल्हापूरला नवीन नाही. आपण कुस्तीत हरलो की निवडीत, एवढं तरी त्याला कळायला हवं.