हुंगायची सहल

साताऱ्याच्या आमच्या मंडळाने सहल ठरवली: नाशिकचा द्राक्षमळा, गाइड आणि वाइनचे चार घोट. पेला कसा फिरवावा, कसा हुंगावा, हे पैसे देऊन शिकायचं! अहो, २००१च्या धोरणात विंचूरबरोबर सांगलीच्या पलूसलाही वाइन पार्क मिळालं होतं. पण मिरवलं नाशिक.

मी म्हटलं, त्यापेक्षा तासगावला चला. मार्चात शेडमध्ये बेदाणा वाळत असतो. शेतकरी न मागता मूठभर हातावर ठेवतो आणि आभाळाकडे बघत बोलतो. ऑक्टोबरच्या छाटणीपासूनचे कष्ट, अन् आत्ता अवकाळी आला तर माल काळा! असला गाइड कुठे मिळेल?

मंडळ म्हणालं, "तिथं फोटो कसला काढायचा?"

सौभाग्यवती म्हणाल्या, "जाताच आहात तर दोन किलो आणा. हिरवा बघून."