लातूरचा वकील

१७ सप्टेंबर जवळ आला की मांजरसुंब्यापासून लातूरपर्यंतच्या पट्ट्यात आपल्या मुलांच्या कानावर ‘रझाकार’ हा शब्द येतोच. मुले घरी येऊन विचारतात आणि आपण विषय बदलतो. तो बदलू नये.

कासिम रझवी अलीगढला शिकलेला, लातूरला वकिली करणारा. बहादूर यार जंग १९४४ मध्ये वारले आणि १९४६ मध्ये मजलिसची सूत्रे रझवीच्या हाती आली. तो लोकप्रिय होता, हे कबूल केले पाहिजे. हैदराबादची सत्ता तुमची आहे, असे तो धास्तावलेल्या माणसांना सांगे. (खेड्यातल्या आपल्या विणकराच्या, शेतमजुराच्या वाट्याला त्या सत्तेतले काय येत होते, हे कुणी विचारले नाही.) हाताशी रझाकारांची फौज होती.

खरा घाव २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे बसला. भारताशी जैसे थे कराराची बोलणी करायला शिष्टमंडळ दिल्लीला निघणार होते. जमावाने पंतप्रधान छत्तारींच्या नवाबांसह शिष्टमंडळातल्यांची घरे वेढली. पोलीस होते, फौज होती, निजाम होता; कुणी हलले नाही. छत्तारींनी राजीनामा दिला आणि मीर लायक अली पंतप्रधान झाले. २९ नोव्हेंबरला करार झाला, तोही जवळपास त्याच मसुद्यावर! मग घेराव कशासाठी? राज्य कोण चालवतो, हे दाखवण्यासाठी.

पुढची पाळी बोलणाऱ्यांची. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान हैदराबादने भारतात सामील व्हावे, असे लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी परतताना त्यांना गोळ्या घातल्या, हात तोडला. रझवीच्या राज्यात गप्प बसवलेल्यांत मुसलमानही होते, हे आपल्या मुलांना कोण सांगणार? शाळेतल्या भाषणात ते येत नाही.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा आल्या आणि पाच दिवसांत सगळे संपले. त्यानंतर जे घडले त्याची पाहणी पंडित सुंदरलाल समितीने केली. संस्थानात एकूण २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज. औरंगाबाद, बीड, नळगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान पाच हजार. त्यातल्या कितीजणांनी रझवीला कधी पाहिले असेल?

तो स्वतः १९५७ मध्ये तुरुंगातून सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला.