रस्त्याला गुण द्या, नुसते ‘पास’ नको

हिंगोली जिल्ह्यातील बरीचशी जमीन काळी आहे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला भेगा पडतात. अशा जमिनीवर रस्ता टिकवणे मुळातच अवघड. सेनगाव, औंढा किंवा कळमनुरीकडून एस.टी.ने शाळेत येणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. खड्डा दिसला की आपण म्हणतो, “पाऊस फार झाला,” नाहीतर “कंत्राटदाराने पैसे खाल्ले.” पण एक प्रश्न आपण विचारतच नाही. कंत्राटदाराला आपण पैसे नेमके कशाचे देतो?

एक हिशेब करू. ७ मीटर रुंद, १ किलोमीटर लांब रस्त्यावर ४ सेंटिमीटर जाडीचा थर म्हणजे २८० घनमीटर, सुमारे ६५० टन मिश्रण. त्यात डांबर ५.५ टक्क्यांऐवजी ५ टक्केच घातले तर सव्वातीन टन डांबर वाचते. रस्ता मात्र तितकाच काळाभोर दिसतो! टेपने लांबी, रुंदी, जाडी कळते. डांबराचे प्रमाण कळत नाही.

दाबणीचेही तसेच. व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचे मिश्रण पसरताना किमान १४० अंश सेल्सिअस असावे लागते आणि ते ९० अंशांखाली जाण्यापूर्वी रोलरचे काम संपावे लागते. उशीर झाला की आत पोकळ्या राहतात आणि त्यांतून पाणी शिरते. पोकळ्या ७ टक्क्यांपलीकडे गेल्या, की पुढच्या प्रत्येक टक्क्यामागे रस्त्याचे आयुष्य सुमारे १० टक्क्यांनी घटते, असा अंदाज अमेरिकेतील अभियंत्यांनी १९८९ मध्ये मांडला. पोकळ्या मोजायची युक्ती तुम्हाला ठाऊक आहे. रस्त्यातून गोल तुकडा कापून काढायचा, तो हवेत व पाण्यात तोलायचा आणि घनता काढायची. आर्किमिडीजचेच तत्त्व!

आता समजा, पोकळ्या मुळीच नसलेल्या मिश्रणाची घनता १०० मानली आणि किमान मर्यादा ९२ ठरवली. एका रस्त्याचे नमुने ९२, ९३, ९४, ९३, ९३ आले; दुसऱ्याचे ९७, ८९, ९६, ८८, ९५. दोन्हींची सरासरी ९३. पण दुसरा रस्ता ८८ आणि ८९ च्या जागी लवकर फुटणार. म्हणून सरासरीबरोबर विखुरणही पाहावे लागते. १९५८ ते १९६० या काळात इलिनॉय राज्यात झालेल्या मोठ्या रस्ता-प्रयोगात, काळजीपूर्वक बांधलेल्या रस्त्यांतही असे विखुरण आढळले. तेव्हापासून तेथील रस्तेबांधणीत संख्याशास्त्राला मोठे स्थान मिळाले.

त्यातूनच गुणवत्तेप्रमाणे मोबदला देण्याची पद्धत रुजली. तेथील एका प्रचलित सूत्रानुसार ९० टक्के काम मर्यादेत असेल तर पूर्ण पैसे. सगळेच मर्यादेत असेल तर १०५ टक्के. ७० टक्केच असेल तर ९० टक्के. आपल्याकडे बिल प्रामुख्याने काम किती झाले यावर निघते आणि गुणवत्तेला ‘पास’ की ‘नापास’ एवढेच विचारले जाते. पण ३५ गुणांना पास होणारा आणि ९० मिळवणारा यांना सारखेच बक्षीस मिळू लागले, तर अभ्यास कोण करील? चांगले काम करणाऱ्या कंत्राटदारावर हा अन्यायच आहे.

कोणी म्हणेल, मग कपात सोसून निकृष्ट काम करण्याची मुभाच मिळेल. म्हणून एक तळरेषा हवी. तिच्याखालचे काम उखडून पुन्हा करायला लावावे. नमुन्याची जागा चिठ्ठी टाकून ठरवावी. प्रश्न आधीच फुटला तर ती परीक्षा कसली? आणि शासनानेही आपला शब्द पाळला पाहिजे. थकलेल्या बिलांसाठी महाराष्ट्रातील कंत्राटदारांना २०२५ मध्ये आंदोलने करावी लागली. वेळेवर पैसे न देणाऱ्याने कडक परीक्षा घेऊ म्हटले, तर त्याचे कोण ऐकणार?

तुमच्या गावाजवळ डांबरीकरण सुरू झाले, तर शिक्षकांबरोबर जा, सुरक्षित अंतरावर उभे राहा आणि तेथील अभियंत्यांना नम्रपणे एवढेच विचारा : नमुना कोठून घ्यायचा, हे कोणी ठरवले? रस्ता टिकणार की नाही, याचा बराचसा अंदाज त्या उत्तरावरूनच येईल.