अर्धशक्तीचे शहाणपण

रक्ततपासणीचा अहवाल हाती पडला किंवा नववर्षाचा मुहूर्त सापडला, की पन्नाशीच्या उंबरठ्यावरील अनेक गृहस्थ एके दिवशी पहाटे उठतात आणि थेट पळू लागतात. मधली वीस-पंचवीस वर्षे खुर्चीवर गेलेली असतात. मनाला मात्र महाविद्यालयातील कबड्डीचे मैदानच आठवत असते. आठवडाभरात गुडघा सुजतो, कंबर धरते आणि ‘व्यायाम आपल्याला मानवत नाही’ असा निष्कर्ष निघतो. वास्तविक मानवत नाही तो उतावळेपणा!

प्रकरण गुडघ्यावर निभावले तर नशीबच म्हणायचे. श्रमांची सवय नसलेल्या माणसाने एकाएकी जोराचा व्यायाम केला, तर त्या घटकेपुरता हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो. नियमित व्यायाम करणाऱ्यात हाच धोका पुष्कळ कमी असतो. म्हणजेच व्यायाम टाळणे हा त्यावरील उपाय नव्हे. त्याकडे पायरीपायरीने जाणे हा उपाय आहे.

आपल्या आचार्यांनी हे जाणले होते. व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, असे सुश्रुत सांगतो. वाग्भट तर ही मर्यादा सशक्त आणि स्निग्ध आहार घेणाऱ्यांनाही घालतो. मग वर्षानुवर्षे बैठे जीवन जगलेल्यांनी किती जपावे! धाप लागून तोंडाने श्वास घ्यावा लागला, की अर्धी शक्ती खर्ची पडली, ही त्याची जुनी खूण. आजची कसोटीही तितकीच सोपी आहे. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतपत श्रम नवख्याला योग्य होत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायामाची शिफारस केली. हा आकडा पुष्कळांना ठाऊक असतो. अल्प प्रमाणात सुरुवात करून हळूहळू वाढ करावी, हा त्याच शिफारशीतील सल्ला मात्र विसरला जातो. पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटे चालावे आणि पुढे दर आठवड्याला चार मिनिटांची भर घालावी. सहाव्या आठवड्यात अर्धा तास सहज होतो. दम लवकर वाढतो, पण सांध्यांभोवतीच्या कंडरा आणि अस्थिबंध बळकट व्हायला महिने लागतात. दम टिकतो म्हणून पल्ला वाढवणारा नेमका तेथेच जायबंदी होतो.

सूर्यनमस्कारांचेही तसेच. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा निष्ठेने प्रसार केला, हे महाराष्ट्र जाणतो. परंतु वर्षभर एकही नमस्कार न घालता रथसप्तमीला १०८ घालण्याचा हट्ट म्हणजे उपासना नव्हे. नवख्याने दोन-तीन नमस्कारांनी, संथपणे आरंभ करावा.

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा धूम्रपानाची सवय असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घेणे अगत्याचे आहे. इन्शुलिन अथवा साखर उतरवणारी औषधे घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. दुसऱ्या दिवशी अंग आंबले, तर घाबरण्याचे कारण नाही. सांध्यात तीव्र कळ आली, तर मात्र विश्रांती घ्यावी. छातीत दडपण, जबड्याकडे वा हाताकडे जाणारी कळ, भोवळ किंवा अनपेक्षित धाप जाणवली, तर तत्क्षणी थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. ‘गॅस असेल’ म्हणून वेळ दवडणे जिवावर बेतू शकते.

घरातील मंडळींचाही यात वाटा आहे. दहा मिनिटे चालून परतलेल्या वडिलांची ‘एवढ्यातच आलात?’ अशी थट्टा करण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्यांच्या सोबत निघावे. ‘दिवसभर घरकाम होतेच की’ म्हणत स्वतःला वगळणाऱ्या आईलाही बरोबर न्यावे. पहिल्या दिवशी किती चाललो, याला फारसे महत्त्व नाही. शंभराव्या दिवशीही पायात बूट चढत असतील, तर संकल्प सिद्धीस गेला असे समजावे.