पन्नास ते पंचावन्न: या पाच टक्क्यांत कोण अडकतं?

बंगळुरूत नर्सिंग शिकणारी बरीच मराठी मुलं-मुली माझ्याशी बोलतात. त्यांचा सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न असा: "टक्के कमी आहेत, एम.एस्सी.ला प्रवेश मिळेल का?" हे विचारताना आवाज खाली जातो. घरातली पहिली पदवी घेणारी, रात्रपाळीत एकटीनं वॉर्ड सांभाळणारी मुलगी गुणपत्रिका दाखवायला लाजते. या लाजेमुळे ती पुढचे प्रश्नच विचारत नाही, आणि तिला न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं नियमांत असतात. नियमांची ही माहिती काही घरांत जेवताना सहज मिळते. आपल्या घरांत ती मिळत नाही. म्हणून इथे ती मांडतो.

एम.एस्सी. नर्सिंगची पात्रता इंडियन नर्सिंग कौन्सिल ठरवते. नोंदणीकृत नर्स असणं, बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी.त एकूण किमान ५५ टक्के आणि एक वर्षाचा अनुभव, या मुख्य अटी आहेत. अनुसूचित जाती-जमातींना गुणांत ५ टक्क्यांची सवलत आहे. आता दुसरी बाजू पाहा. बी.एस्सी.त नर्सिंगचे विषय सुटायलाच ५० टक्के लागतात. म्हणजे सवलत लागू झाली, तर पास झालेली एससी-एसटीची जवळपास प्रत्येक उमेदवार अर्ज करायला पात्र आहे. "माझे ५२ टक्केच आहेत" म्हणून अर्जच न करणाऱ्यांना कौन्सिलचा नियम अडवत नाही. त्यांना तो नियम कुणी सांगितलेलाच नसतो. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांना मात्र ही सवलत नाही. त्यांच्यासाठी ५५ ची रेषा पक्की आहे. दिल्लीच्या एम्ससारख्या ठिकाणी ती आणखी वर आहे: खुल्या गटाला आणि ओबीसींना ६०, एससी-एसटीला ५५.

हे पाच टक्के जातात कुठे? बहुतेकींचे पहिल्या वर्षात जातात. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेली मुलगी एकदम इंग्रजीतून अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री वाचते. तिसऱ्या वर्षापर्यंत ती सावरते, पण एकूण टक्केवारी पहिलं वर्ष विसरत नाही. उरलेलं नुकसान अंतर्गत गुणांत होतं. थिअरीच्या शंभरातले २५ आणि प्रात्यक्षिकाचे साधारण निम्मे गुण कॉलेजच्या हातात असतात. तिथे आडनाव, रंग, भाषा, "स्मार्टनेस" हे सगळं मोजलं जातं आणि त्याची नोंद कुठेच होत नाही.

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते, म्हणजे ३८ टक्क्यांहून कमी. सहा वर्षांनी ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांनी मेहनत केली म्हणून आपणही करावी, एवढं सांगून लोक थांबतात. मला यातलं दुसरं सत्य महत्त्वाचं वाटतं. त्या गुणांवरून त्यांना कायमचं बाद करणारी रेषा तेव्हा मध्ये आली नाही, आणि शिष्यवृत्ती मिळाली.

आता बंगळुरूची खास अडचण. राज्यघटनेच्या ३४१ आणि ३४२ या कलमांनुसार जाती-जमातींच्या याद्या राज्यवार आहेत. १९९० मध्ये मर्री चंद्रशेखर राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं निकाल दिला की दुसऱ्या राज्यात गेलेल्या व्यक्तीला आपल्या मूळ राज्यातला एससी-एसटी दर्जा तिथे मागता येत नाही. तो खटला मुंबईतल्या वैद्यकीय प्रवेशाचा होता, आणि मुलगा आंध्रातून आलेला होता. त्यामुळे सोलापूरचं जातप्रमाणपत्र घेऊन आलेली मुलगी कर्नाटकच्या राज्य कोट्यात खुल्या गटात धरली जाते. सवलत सीमेपाशी राहते आणि ५५ ची रेषा पुन्हा पुढ्यात येते. जात मात्र सीमेपाशी राहत नाही. ती हॉस्टेलच्या खोलीत येते आणि भाड्याचं घर शोधतानाही सोबत असते.

म्हणून काय करायचं ते नीट सांगतो.

अजून शिकत असाल तर आज हिशेब मांडा. सगळ्या वर्षांचे गुण साधारण सारखे धरले आणि पहिल्या दोन वर्षांची सरासरी ५२ असेल, तर पुढच्या दोन वर्षांत ५८ हवेत. तीन वर्षांची सरासरी ५३ असेल तर शेवटच्या वर्षी ६१ लागतात. हे जमण्यासारखं आहे, पण तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवलं तर. अंतर्गत गुण परीक्षेआधी बघायला मागा आणि स्वतःच्या वहीत लिहून ठेवा.

सेमिस्टर पद्धतीत असाल तर श्रेणीचा सापळा ओळखा. ५० पासून ५९.९९ पर्यंत सगळ्यांना 'सी' श्रेणी आणि ५ गुणांक मिळतो. प्रत्येक विषयात ५८ मिळवणारीचा सीजीपीए ५ च दिसतो. अर्जासोबत प्रत्यक्ष गुण दाखवणारी गुणपत्रिका आणि विद्यापीठाचं टक्केवारीचं पत्र जोडा.

पदवी झाली असेल तर ते गुण आता वाढत नाहीत. एजंट काहीही सांगो, त्यासाठी पैसे देऊ नका. जीएनएम केलेल्यांना मात्र दुसरी संधी आहे. पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची दोन वर्षं म्हणजे नवी गुणपत्रिका, आणि पात्रता तिच्यावरच ठरते.

अर्ज कुठे करता, यावरही बरंच अवलंबून आहे. बंगळुरूचीच निम्हान्स ही केंद्राची संस्था आहे. तिथे केंद्राचं आरक्षण चालतं आणि मानसोपचार नर्सिंगमध्ये एम.एस्सी. करता येते. महाराष्ट्रात परत अर्ज करणार असाल तर जात वैधता प्रमाणपत्र आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आधीपासून तयार ठेवा. कागदांना वेळ लागतो आणि प्रवेशाची तारीख थांबत नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती राज्याबाहेर शिकतानाही आपल्या मूळ राज्याकडून मिळू शकते. एससी कुटुंबांसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख आहे.

हे झालं एकेकट्यानं करायचं. पण एकेकटीनं वाट काढल्यानं नियम बदलत नाही. माझी मागणी साधी आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिल १९४७ च्या केंद्रीय कायद्यानं उभी राहिलेली संस्था आहे. पात्रतेतली ५ टक्क्यांची सवलत तिची स्वतःची आहे. मग ती कोणत्याही राज्याच्या जातप्रमाणपत्रावर, कोणत्याही राज्यात लागू व्हावी. राखीव जागा कोणत्या राज्याच्या हा वेगळा प्रश्न आहे, पण अर्ज करण्याचा हक्क तरी सीमेवर अडू नये. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांनाही त्यात आणावं. आणि अंतर्गत गुण प्रत्येक कॉलेजनं परीक्षेआधी फलकावर लावावेत.

यात जाणाऱ्या गोष्टी मोठ्या आहेत. नर्सिंग कॉलेजात प्राध्यापक व्हायला, विभागप्रमुख व्हायला, परीक्षक व्हायला एम.एस्सी. लागते. आपल्या मुली वॉर्डात भरपूर दिसतात, पण तोंडी परीक्षेच्या टेबलापलीकडच्या खुर्चीत फार कमी दिसतात. ती खुर्ची रिकामी राहिली तर पुढच्या मुलीचे अंतर्गत गुणही पूर्वीसारखेच कुणीतरी दुसरं ठरवेल. म्हणून ५२ टक्के असतील तरी नियम वाचा आणि अर्ज करा. नाकारलं तर कारण लेखी मागा आणि ते पत्र जपून ठेवा. अशी पत्रं एकत्र आली की आपल्याला कौन्सिलकडे जाता येईल.