शंका ज्याची, पुरावा त्याचा

दोन माणसे एकच वस्त्र धरून न्यायाधीशासमोर उभी आहेत. एक म्हणतो, सगळे माझे. दुसरा म्हणतो, निम्मे माझे. यहुद्यांच्या तालमूदमधील ‘बावा मेत्सिया’ हा भाग याच धर्तीच्या खटल्याने सुरू होतो. निकाल असा : दोघांनी शपथ घ्यावी, पहिल्याला पाऊण वस्त्र आणि दुसऱ्याला पाव. प्रथमदर्शनी हे कोड्यात टाकणारे आहे. दावे दोनास एक या प्रमाणात असताना वाटणी तीनास एक कशी? उत्तर असे की दुसऱ्याने निम्मे मागितले तेव्हाच उरलेले निम्मे पहिल्याचे, हे त्याने कबूल केले. वाद उरला तो फक्त एका निम्म्याचा. तेवढेच वाटायचे, बाकीच्याला हात लावायचा नाही. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेली मिश्ना ही नियमसंहिता आणि तिच्यावर पुढची तीनेक शतके बाबिलोनियातील पंडितांनी केलेला खल यांतून हा ग्रंथ उभा राहिला. काही प्रश्न सुटले नाहीत, तर ते ‘तेकू’ म्हणून तसेच ठेवायचा प्रामाणिकपणाही त्यात आहे. याच ग्रंथातले तीन विधवांच्या वाटणीचे जुने कोडे रॉबर्ट औमान आणि मायकेल माश्लर या गणितज्ञांनी १९८५ मध्ये उलगडले, ते या वस्त्राच्याच न्यायाने. वादाबाहेरचे ते वादाबाहेरच, हा नियम माणसांच्या वंशावळीलाही लागू झाला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. आणि तो मोडला तर काय होते, याची साक्ष मराठी बोलणाऱ्या यहुद्यांच्याच इतिहासात आहे.

कोकणातले बेने इस्रायल म्हणजे आपले ‘शनिवार तेली’. घाणा चालवणारे, शनिवारी तो बंद ठेवणारे, केहीम, राजपूर, दिवे, पेण अशा गावांवरून आडनावे घेतलेले. अलिबागजवळच्या नवगावला फुटलेल्या गलबतातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश सुरू झाला, असे ते सांगत आले. ‘शेमा’ ही प्रार्थना त्यांनी शतकानुशतके जपली. तालमूद मात्र त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. १९४८ नंतर हजारो जण इस्रायलला गेले. तिथे यहुद्यांच्या लग्नाचा कायदा १९५३ पासून रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, न्यायालयांकडे आहे, नोंदणी विवाहाची सोय नाही. काही रब्बींनी या मंडळींची लग्ने लावायला नकार दिला. त्यांचे म्हणणे असे : यांच्यात तालमूद नव्हता, म्हणजे शास्त्रोक्त घटस्फोटपत्र, ज्याला ‘गेट’ म्हणतात, तेही नसणार. तसे पत्र न मिळता एखादीने दुसरा घरोबा केला असेल, तर तिची संतती ‘मामझेर’ ठरते आणि तिच्या वंशजांना समाजात सोयरीक करता येत नाही. १९६१ मध्ये मुख्य रब्बींच्या मंडळाने या समाजाशी विवाहाला मान्यता दिली. पण १९६२ मध्ये मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांच्या काळात सूचना निघाल्या, की वधू-वरांच्या आईची आई, तिची आई असे जमेल तितके मागे जाऊन चौकशी करावी. सूचनेत समाजाचे नाव घेऊन हे लिहिले होते.

वस्त्राचा न्याय इथे लावून पाहावा. कोणत्या घराण्याविरुद्ध कोणाची तक्रार होती? एकाही घराण्याविरुद्ध नाही. अमुक बाईने अमुक साली गेटविना लग्न केले, असा आरोप कोणी केला नव्हता. वादाचा तुकडाच नसताना सगळे वस्त्र जप्त झाले. ज्या ग्रंथाच्या आधारे हे केले, त्याचेच मत वेगळे आहे. ‘किद्दुशीन’ या भागात खात्रीचा मामझेर आणि संशयित मामझेर यांत स्पष्ट फरक केला आहे. तोरा या मूळ धर्मग्रंथाने वर्ज्य केला तो पहिला, दुसरा नाही. पंडितांनी पुढे त्यावर सावधगिरीचे कुंपण घातले, हे खरे. पण तिथेच हेही सांगितले आहे, की एखाद्या घराण्यात सरमिसळ होऊन गेली असेल तर ती उकरून काढू नये. मिश्नेत तर एलियाहू संदेष्टा येईल तेव्हा काय करील याचीही चर्चा आहे, आणि पंडित म्हणतात, तो कोणाला दूर लोटायला किंवा जवळ घ्यायला येणार नाही, जगात शांतता करायला येईल. हाच एलियाहू हनाबी बेने इस्रायलांचा सर्वांत लाडका. नवस फेडताना ते त्याच्याच नावाने मलिदा करतात.

यावर आक्षेप येईल, की चौकशी नको म्हटले तर कायदा उरतो कुठे? लग्न लागून मुले झाल्यावर दोष निघाला, तर ती मुले कोणाच्या दारात जाणार? आक्षेप वजनदार आहे. त्याचे उत्तर इतिहासानेच दिले. १९६४ च्या उन्हाळ्यात या समाजाने जेरुसलेममध्ये धरणे धरले, १७ ऑगस्टला क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, बेने इस्रायल सर्व बाबतींत यहुदी असल्याची भूमिका घेतली, आणि महिनाअखेरीस सूचनेतून समाजाचे नाव गेले. ज्याच्याबद्दल प्रत्यक्ष शंका असेल, त्याचीच चौकशी, मग तो कोणत्याही देशातून आलेला असो. तपासणी राहिली, सरसकट संशय गेला. कायदा त्याने दुबळा झाला नाही.

परक्यांच्या धर्मशास्त्रात नाक का खुपसता, असेही कोणी म्हणेल. जालन्याच्या वाचकाला तरी हे परके वाटू नये. २०२३ च्या ऑगस्टअखेरीस अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झाले, न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, आणि कोतवाल बुक, खासरा पत्रक, निजामकाळातल्या उर्दू व मोडी नोंदी यांचे गठ्ठे सुटले. पणजोबांच्या नावापुढचा एक शब्द सापडतो की नाही, यावर पणतूचे शिक्षण लटकते, हे इथे घरोघरी ठाऊक आहे. आरक्षणाचा वाद मला इथे सोडवायचा नाही. जात प्रमाणपत्राच्या २००० च्या अधिनियमात पुराव्याचा भार दावेदारावर आहे, आणि मर्यादित लाभ मागणाऱ्याने दावा सिद्ध करावा हे मला रास्तच वाटते; खोट्या दाखल्यांनी खऱ्या गरजूची जागा जाते. लग्नाचा हक्क आणि राखीव जागा एका मापाने मोजता येत नाहीत. पण एकदा सिद्ध झालेले पुन्हा का सिद्ध करायचे? वडिलांकडे वैधता प्रमाणपत्र असताना मुलीच्या अर्जावर तीच वंशावळ, तेच महसुली उतारे, तीच दक्षता पथकाची चौकशी नव्याने सुरू करणे म्हणजे वादाबाहेरच्या निम्म्याला हात घालणे होय. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१० मध्येच सांगितले आहे, की रक्ताच्या नातेवाइकाला रीतसर मिळालेली वैधता, ती फसवणुकीने वा अधिकाराबाहेर दिल्याचे दिसत नसेल तर, मान्य करावी. जिल्हा पडताळणी समित्यांनी हा निकाल तंतोतंत पाळावा. शंका असेल तर ती नेमकी कशाबद्दल, कोणाच्या तक्रारीवरून, हे आधी लेखी नोंदवावे, आणि तसे काही नसेल तर त्या मुलीला प्रवेशाच्या मुदतीआधी प्रमाणपत्र द्यावे.